नववं वाण

चोवीस डिसेंबरच्या सकाळी दहा वाजेपर्यंत झिग्रुनने कोठीच्या किल्लीसाठी सासूपुढे तीनदा हात पसरला होता.

पहिल्यांदा सॉसेजसाठी, दुसऱ्यांदा मसुरांसाठी, तिसऱ्यांदा दुधासाठी. प्रत्येक वेळी इर्मगार्डने एप्रनच्या नाडीला बांधलेली किल्ली सोडली, "काय आणायचंय?" असं विचारलं, उत्तर ऐकून मगच ती हातावर ठेवली. झिग्रुन परत आली की म्हातारीचा तळहात पुढे आलेला असायचा.

इर्मगार्ड खिडकीजवळच्या खुर्चीत बसून होती. डावा पाय मांडीपासून घोट्यापर्यंत प्लास्टरमध्ये, समोरच्या स्टुलावर. एक डिसेंबरला, नाताळाआधीच्या चार रविवारांपैकी पहिल्याच्या आदल्या दिवशी, खिडकीत लाकडी बाहुल्या मांडायला ती याच स्टुलावर चढली होती आणि पडली होती. वय शहात्तर. दवाखान्यात सोळा दिवस काढून ती घरी परतली, तेव्हा तिच्या सामानात दोन झगे, चष्मा आणि कोठीची किल्ली एवढ्याच वस्तू होत्या.

"किल्ली दवाखान्यात नेली होती?" उलरिकेने विचारलं. ती स्वयंपाकघरात बटाटे सोलायला बसली होती. पश्चिमेतल्या कासेलहून ती काल संध्याकाळी आली होती. एकोणतीस वर्षांत माहेरचा हा तिचा पहिला नाताळ.

"रुग्णवाहिकेत हातात होती," झिग्रुन म्हणाली. "मी नर्स आहे. मी स्वतः त्यांच्या मुठीतून काढायचा प्रयत्न केला. जमलं नाही."

"मग सोळा दिवस तुम्ही खाल्लंत काय?"

"खालच्या दुकानातून आणलं. कोठीत अर्धं डुक्कर टांगलेलं, आणि आम्ही डब्यातले मासे खातोय. तुमचे भाऊ म्हणाले, कुलपाला हात लावू नकोस, आई आल्यावर विचारेल."

उलरिके हसली, मग तिने हसू आवरलं. बैठकीच्या खोलीचं दार उघडं होतं.

"वहिनी, मी कशाला आलेय ते काही लपलेलं नाही," ती हळू आवाजात म्हणाली. "माझं घर तळमजल्यावर आहे. एक पायरी नाही. इथे या बर्फात, या जिन्यावर तिचं काय होणार? आणि तुम्हाला बव्हेरियातल्या दवाखान्याचं नोकरीचं पत्र आलंय. दादाचा कारखाना ऑक्टोबरात बंद झाला. आई माझ्याकडे आली की तुम्ही दोघं मोकळे. घराला कुलूप लावायचं. आपण दोघी एकाच बाजूला आहोत."

झिग्रुनने हंसाच्या पोटात सफरचंदं भरणं चालू ठेवलं. दोन जानेवारीपर्यंत पत्राचं उत्तर द्यायचं होतं. ते पत्र तिने चौदा वेळा वाचलं होतं. होकार लिहायला बसली की हात थांबत होता आणि नकार लिहायला बसली तरी तेच. आपल्याला नेमकं काय हवंय, याचं तिला स्वतःलाच कुतूहल वाटू लागलं होतं. या डोंगरात ती सपाटीवरून आली, त्याला सव्वीस वर्षं झाली. सव्वीस वर्षं नाताळाच्या आदल्या रात्रीची नऊ वाणं, म्हणजे नऊ पदार्थ, तीच रांधत होती. पण गावात कोणी आडनावाने "उलिगबाई" म्हटलं, की सगळ्यांच्या माना अजूनही खिडकीजवळच्या खुर्चीकडे वळत.

"आईंनी काय सांगितलंय?" तिने विचारलं.

"आज जेवताना सांगते म्हणाली. येणार की नाही ते."

"जेवतानाच का?"

"मीही तेच विचारलं. म्हणाली, तेव्हा सगळे बसलेले असतात."

बैठकीतून आवाज आला. "झिग्रुन! दुधात पाव कधी घालणार? आत्ता घातलेस तर संध्याकाळपर्यंत लापशी होईल."

"पाच वाजता घालणार, आई."

"साडेपाचला घाल."

दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या. मग झिग्रुनने हंस शिवायला सुई उचलली.

*

दुपारी तीनला उलरिके मागच्या अंगणातल्या कारखान्यात गेली. कारखाना म्हणजे एक लांबट खोली, एक लाकूड कातायचं यंत्र आणि भिंतीवर ओळीने टांगलेल्या पटाशा. मोठा कारखाना सरकारचा होता. तो बंद पडल्यावर राइनहार्ड पुन्हा वडिलांच्या या खोलीत येऊन बसू लागला होता. यंत्र बंद होतं. तो झाडूने आधीच स्वच्छ असलेली जमीन झाडत होता.

"लपलायस का रे?" उलरिकेने विचारलं.

"झाडतोय."

"दादा, एक सरळ विचारते. आईने माझ्याकडे यावं असं तुला वाटतं की नाही?"

"झिग्रुनला विचार."

"तिला विचारलं. ती म्हणते आईंना विचारा. आई म्हणते जेवताना सांगते. या घरात कोणीतरी स्वतःचं मत असलेला माणूस आहे का?"

"होता ना एक. एकसष्ट साली बॅग उचलून पश्चिमेला निघून गेला." तो चिडून बोलला नव्हता. झाडू कोपऱ्यात टेकवत त्याने पुढे विचारलं, "खिडकी पाहिलीस?"

तिने पाहिली होती. काल गाडीतून उतरल्या उतरल्या पाहिली होती. इथे खिडकीत घरातल्या प्रत्येक मुलासाठी मेणबत्ती धरलेला एक लाकडी खाणकामगार उभा करतात आणि प्रत्येक मुलीसाठी एक देवदूत. रस्त्यावरून जाणाऱ्याला मुलं मोजता येतात. उलिगांच्या खिडकीत एक खाणकामगार होता आणि दोन देवदूत. एक राइनहार्डच्या मुलीचा, अनेलीचा. दुसरा, पंखाचा थोडा टवका उडालेला, तिचा स्वतःचा.

"कधीपासून ठेवतेय परत?"

"परत म्हणजे? कधी काढलाच नाही. तू गेलीस त्या वर्षी पक्षाचा माणूस आला होता सांगायला. पळून गेलेल्याची मेणबत्ती लावू नका म्हणून. आईने त्याला वाटीभर मसुराची आमटी दिली, आणि तो जाईपर्यंत एक शब्द बोलली नाही."

उलरिके यंत्राच्या कडेवर बसली. ती म्हणाली, "मग माझ्याबरोबर यायला तिला इतका विचार का करावा लागतोय, तेच मला कळत नाही."

"उली," राइनहार्ड म्हणाला, "आज टेबलावरून उठू नकोस. लक्षात आहे ना?"

"मी एक्कावन्न वर्षांची आहे."

"तेव्हा चार वर्षांची होतीस."

हे वाक्य त्याने याआधी एकदाच उच्चारलं होतं, लहानपणी, भांडणात. त्रेचाळीसचा नाताळ. वडील सुटीवर आलेले. नऊ वाणं मांडलेली. एकदा बसलं की जेवण संपेपर्यंत कोणी उठायचं नाही. उठायचा हक्क फक्त घरच्या बाईला. खिडकीतल्या देवदूताची मेणबत्ती विझली म्हणून उलरिके रडायला लागली. इर्मगार्ड उठणार तेवढ्यात वडील हसत म्हणाले, तू बस, आणि स्वतः उठून त्यांनी मेणबत्ती लावली. मार्चमध्ये पूर्वेच्या आघाडीवरून वडील गेल्याचं पत्र आलं. इर्मगार्ड त्याबद्दल मुलीला कधी काही बोलली नाही. पण त्यानंतर या घरात त्या टेबलावरून इर्मगार्डशिवाय कोणी उठलं नव्हतं. सत्तेचाळीस वर्षं.

"तुझा यावर विश्वास आहे?" उलरिकेने विचारलं.

"नाही," राइनहार्ड म्हणाला. "पण मी उठत नाही."

दाराशी जाऊन ती वळली. "आज तर आईला उठताच येणार नाही. काही लागलं तर?"

राइनहार्डने पुन्हा झाडू उचलला. "सगळं आधीच मांडून ठेवायचं," तो म्हणाला. "काही लागू द्यायचं नाही."

*

सहाला वीस मिनिटं असताना अनेलीने शेवटचं गवत पसरलं. टेबलावर आधी गवताचा पातळ थर, त्यावर पांढरी चादर, मग सहा ताटं. माणसं पाच होती. सहावं ताट येईल त्या परक्यासाठी. अनेली एकोणीस वर्षांची होती आणि चेम्निट्समध्ये शिकत होती. त्या शहराला त्याचं हे जुनं नाव जूनमध्येच परत मिळालं होतं. आजीने मधली सदतीस वर्षंही ते चेम्निट्सच म्हटलं होतं, त्यामुळे तिला काही बदलावं लागलं नाही.

"आजी, गवत कशासाठी?"

"दरवर्षी विचारतेस."

"दरवर्षी वेगळं उत्तर देतेस. दोन वर्षांपूर्वी म्हणालीस येशूच्या गोठ्याची आठवण. गेल्या वर्षी म्हणालीस कोंबड्या अंडी देतात."

"मग यंदा काय हवंय?"

"खरं."

"चादर सरकत नाही," आजी म्हणाली.

झिग्रुन एकेक भांडं आणून मांडत होती आणि ओठांत मोजत होती. अनेलीने ते पाहिलं. नंतर तिला ते नीट आठवणार होतं: आईचे ओठ, आणि शेवटचं निळं भांडं, ज्यात गोड दुधात भिजलेले पाव, वर मनुका, बदाम, दालचिनी.

सहाच्या ठोक्याला चर्चच्या घंटा सुरू झाल्या आणि मनोऱ्यावरून पितळी वाद्यं वाजू लागली. तो आवाज घरात बसून ऐकायचा नसतो. झिग्रुन, उलरिके आणि अनेली शाली ओढून उंबऱ्याबाहेर गेल्या. आजी खुर्चीत राहिली. राइनहार्ड मेणबत्त्या आणि ऊद लावायला मागे थांबला.

बाहेर शेजारपाजारची सगळी दारं उघडी होती. समोरच्या घरातले म्हातारे क्लेमर हात वर करून ओरडले, "उलिगबाई कशा आहेत?"

"आत आहेत, बऱ्या आहेत," झिग्रुन म्हणाली.

उलरिके वहिनीकडे बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "त्यांनी तुमची विचारपूस केली असती तरी तुम्ही हेच उत्तर दिलं असतं ना?"

"मला कोणी विचारत नाही," झिग्रुन म्हणाली.

सात मिनिटांनी त्या आत आल्या. दिवे मालवलेले होते. खोलीत फक्त मेणबत्त्या. त्यांच्या धगीवर छोट्या लाकडी मनोऱ्याचं चक्र फिरत होतं आणि त्यावरच्या मेंढ्या, मेंढपाळ, राजे छतावर सावल्या फिरवत होते. पोटात ऊद ठेवलेल्या लाकडी म्हाताऱ्याच्या तोंडातून धूर निघत होता. आजीची खुर्ची टेबलाच्या टोकाला आणली होती, प्लास्टरचा पाय टेबलाखाली स्टुलावर. सगळे बसले. आजीने हात जोडून चार ओळी म्हटल्या आणि "आमेन" म्हणून चमचा उचलला. त्या क्षणापासून कोणी उठायचं नव्हतं.

अनेली लहानपणापासून करते तसं मोजू लागली. "हंस, सॉसेज, बटाट्याचे गोळे, आंबट कोबी. मसूर, बीट, सेलरी, चेरी." ती थांबली. पुन्हा पहिल्यापासून मोजलं. "आठच आहेत."

"नऊ आहेत," झिग्रुन म्हणाली.

"आई, दूधपाव कुठेय?"

झिग्रुनने टेबलावर नजर फिरवली. निळं भांडं नव्हतं. जिथे ते ठेवलं होतं, त्या जागी चादरीवर गोल खूण होती, खालचं गवत दबलेली.

"मी ठेवलं होतं," ती म्हणाली.

"राहिलं असेल कोठीत," इर्मगार्ड म्हणाली. "घाईत होतं असं."

"मी घाईत नव्हते, आई. मी ठेवलं होतं."

"मग टेबलावर का नाही?"

"असू दे ना," उलरिके म्हणाली. "आठ काय, नऊ काय. वास बघा हंसाचा. आई, मी तर म्हणते…"

"आठ वाणांवर या घरात कोणी चमचा लावलेला नाही," इर्मगार्ड म्हणाली. "नापिकीच्या वर्षी, सेहेचाळीसला, काही नव्हतं. तेव्हा मी बटाट्याचीच नऊ केली. उकडलेले, भाजलेले, साल काढून, साल ठेवून. पण नऊ."

"ठीक आहे, मी आणते." उलरिकेने खुर्ची मागे सरकवली.

आजीचा हात इतक्या झटकन पुढे आला की मेणबत्ती हलली. तिने उलरिकेचं मनगट धरलं.

"बस."

"आई, दहा पावलांवर कोठी आहे!"

"तू बस, उली."

उलरिके बसली. यावर विश्वास नसलेल्या माणसाच्या मानाने ती फार लवकर बसली, असं अनेलीला वाटलं. मनगटावरचा हात मात्र आजीने काढला नाही.

मनोऱ्यावरच्या मेंढ्यांच्या सावल्या छतावरून दोनदा फिरून गेल्या. अनेली एकेकाचा चेहरा बघत होती. हे सगळं तिला एखाद्या गणितासारखं वाटू लागलं होतं. आईने भांडं ठेवलं होतं. तिने स्वतः पाहिलं होतं. बाहेर तिघी होत्या. आत दोघं. त्यातल्या एकाला चालता येत नाही. तिने वडिलांकडे पाहिलं. राइनहार्ड आपल्या ताटातल्या नक्षीकडे बघत होता. त्याच्या पांढऱ्या शर्टाच्या बाहीवर तपकिरी बोटभर डाग होता. ऊद लावताना लागला असेल. तिने मिठासाठी म्हणून त्याच्यापुढून हात लांब केला आणि बाहीजवळ वाकली. वास दालचिनीचा होता.

तिने तोंड उघडलं. वडिलांनी मान न हलवता फक्त डोळे वर केले. तिने तोंड मिटलं.

"काय करायचं मग?" उलरिके म्हणाली. "आईला उठता येत नाही. बाकी कोणी उठायचं नाही. जानेवारीपर्यंत असेच बसू या?"

"घरच्या बाईने उठायचं असतं," इर्मगार्ड म्हणाली. एवढंच म्हणाली, आणि कोणाकडेही बघितलं नाही.

*

झिग्रुनच्या डोक्यात त्या वेळी एकच गोष्ट होती: मी ठेवलं होतं.

सव्वीस वर्षांत ती काही विसरली नव्हती. गोळे फुटले होते, एकदा हंस करपला होता, पण वाण कधी राहिलं नव्हतं. आणि आज, सगळ्यांसमोर, नणंदेसमोर, लेकीसमोर, "घाईत होतं असं." आणि नवरा ताट बघत बसलेला. तिने सासूकडे पाहिलं. म्हातारी काहीतरी सांगेल, "जा गं, तू आण" म्हणेल, म्हणून ती थांबली. दहा सेकंद गेले असतील. मग तिच्या लक्षात आलं की आपण वाट बघतोय ती परवानगीची. गेली सव्वीस वर्षं आपण तिचीच वाट बघतोय. आणि हे लक्षात येताच तिला इतका राग आला की ती उठून उभी राहिली.

"झिग्रुन," राइनहार्ड म्हणाला.

"जेवण गार होतंय," ती म्हणाली आणि बाहेर पडली.

बोळात अंधार होता आणि थंडी. सहा पावलं टाकल्यावर ती थांबली. कोठीला कुलूप असतं. किल्ली सासूच्या नाडीला. म्हणजे आता मागे फिरायचं, टेबलाशी जायचं, हात पसरायचा, आणि "काय आणायचंय?" याचं उत्तर द्यायचं. तिने भिंतीला हात टेकला. मी परत जाणार नाही, तिने ठरवलं. कुलूप तोडेन. मोगरी जिन्याखाली आहे. अर्ध्या गावाला आवाज गेला तरी चालेल.

ती मोगरी घेऊन कोठीच्या दाराशी आली आणि अंधारात कुलूप चाचपलं.

किल्ली कुलपात होती.

ती थोडा वेळ तशीच उभी राहिली, एका हातात मोगरी, दुसरा हात किल्लीवर. किल्लीच्या कडीला एप्रनची नाडीही होती. गाठ सोडलेली नव्हती. नाडी कात्रीने कापलेली होती.

आत, डोळ्यांच्या उंचीवरच्या फळीवर, निळं भांडं होतं. त्यावर नेहमीचं फडकं नव्हतं. इर्मगार्डने लग्नात आणलेला, कोपऱ्यात तिची अक्षरं विणलेला, कधी वापरात न निघालेला रुमाल होता.

झिग्रुनने मोगरी फळीवर ठेवली. भांडं उचललं. बाहेर येऊन दार लावलं, कुलूप घातलं, किल्ली फिरवली. मग ती काढून आपल्या एप्रनच्या खिशात टाकली. परत येताना किल्ली चालण्याबरोबर मांडीला लागत होती.

*

"किती वेळ?" इर्मगार्ड म्हणाली.

"मोगरी शोधत होते," झिग्रुन म्हणाली.

इर्मगार्डच्या तोंडाचा कोपरा हलला. झिग्रुनने निळं भांडं गोल खुणेवर बरोबर ठेवलं आणि बसली. बसताना खिशातली किल्ली खुर्चीच्या लाकडाला लागून वाजली. आवाज सगळ्यांनी ऐकला. उलरिकेने आईच्या कमरेकडे पाहिलं. एप्रनला नाडीचं एक आखूड टोक तेवढं लोंबत होतं.

"नऊ," इर्मगार्ड म्हणाली आणि मसुरात चमचा घातला.

प्रत्येक भांडं टेबलाभोवती एकदा फिरलं. शेवटी उलरिकेलाच राहवेना.

"आई, तू आज उत्तर देणार होतीस."

"दिलं की."

"कधी? मी इथेच बसलेय."

"उली, तुझं घर चांगलं आहे. पायरी नाही, नळाला गरम पाणी आहे. मला माहीत आहे." म्हातारीने लेकीच्या मनगटावर पुन्हा हात ठेवला, या वेळी हलकेच. "पण घराला बाई असली तर घर बंद करत नाहीत. आणि घर चालू असलं तर मी कशाला जाऊ? मला एवढंच बघायचं होतं, बाई आहे की नुसती स्वयंपाकीण आहे."

"म्हणजे तुम्ही मला तपासत होतात," झिग्रुन म्हणाली.

"हो."

"सव्वीस वर्षं पुरली नाहीत?"

"सव्वीस वर्षं तू विचारत राहिलीस," इर्मगार्ड म्हणाली. "मी सांगत राहिले. त्यात चूक माझीही असेल. मी मागितल्याशिवाय काही दिलं नाही आणि तू दिल्याशिवाय काही घेतलं नाहीस."

झिग्रुनने बीटाचा तुकडा काट्याने दोनदा टोचला. "बव्हेरियाच्या पत्राचं उत्तर दोन तारखेपर्यंत द्यायचंय. ते मी ठरवीन. तुम्हाला विचारून नाही."

"मग नको विचारूस."

"आणि तू," झिग्रुन नवऱ्याकडे वळली, "भांडं तू नेलंस."

राइनहार्डने बाहीवरच्या डागावर हात ठेवला. "आई म्हणाली, ने. मी म्हटलं हे जमणार नाही, ती रडेल. आई म्हणाली, रडणार नाही, चिडेल."

"नाडी कोणी कापली?"

"ती मीच कापली," इर्मगार्ड म्हणाली. "परत बांधायची नाही म्हटल्यावर गाठ सुटेना. बावन्न वर्षांची गाठ."

अनेलीला मात्र गणिताचं एक घर अजून रिकामं दिसत होतं. तिने दूधपावाचं भांडं पुढे ओढलं आणि विचारलं, "आजी, आई उठलीच नसती तर?"

"तर काय, आठ खाल्ली असती."

"आठ? तू म्हणालीस ना या घरात कोणी आठवर…"

"तर मग हे घर उरलं नसतं. आठ खाल्ली असती आणि सत्तावीसला उलीबरोबर कासेलला गेले असते. पेटी भरलेली आहे. पलंगाखाली बघ हवं तर." अनेली हलताच ती पुढे म्हणाली, "आत्ता नव्हे! बस."

उलरिके आईकडे बघत राहिली. "खरंच भरलीयस?"

"खरंच. लोकरीचे मोजे, प्रार्थनेचं पुस्तक, आणि तुझा देवदूत ठेवायला डबा." म्हातारीने चमचा खाली ठेवला. खोलीभर नजर फिरवून ती सुनेकडे वळली. सांगायला उघडलेलं तोंड तिने एकदा मिटलं, आणि मग, अनेलीला आठवत होतं तितक्या वर्षांत पहिल्यांदाच, तिने या घरातली एक गोष्ट दुसऱ्याने ठरवावी म्हणून विचारली.

"झिग्रुन, ती पेटी कधी रिकामी करायची?"

झिग्रुनने उलरिकेच्या ताटात दूधपाव वाढला, मग सासूच्या, मग परक्यासाठी मांडलेल्या सहाव्या ताटातही थोडा.

"परवा," ती म्हणाली. "आता जेवा. सगळ्यातलं थोडं थोडं घ्या, नाहीतर जुने लोक म्हणतात तसं वर्षभर नाक गळत बसेल."